बहे इथले रामलिंग बेट: येण्याआधी लोक विचारतात ते प्रश्न

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या बहे गावाजवळ कृष्णेच्या पात्रात रामलिंग बेट आहे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती या बेटावर असल्यामुळे पुण्या-मुंबईपासून कोल्हापूरपर्यंतचे लोक इकडे येतात. येण्याआधी ते जे विचारतात ते इथे क्रमाने घेतले आहे. सगळे वाचायला वेळ नसेल तर निदान ८, ९ आणि १० हे तीन प्रश्न वाचून निघा. ते जिवाशी निगडित आहेत.

१. बेट म्हणता, म्हणजे समुद्र आहे का तिथे?

समुद्र नाही. हे नदीतले बेट आहे. बहेजवळ कृष्णेचा प्रवाह दुभंगतो, दोन धारा होतात आणि बेटाला वळसा घालून पुन्हा एक होतात. कोकणचा किनारा इथून सरळ रेषेत पश्चिमेला जेमतेम शंभर किलोमीटर असेल. पण कृष्णा त्या दिशेला पाठ करून पूर्वेला जाते आणि सुमारे चौदाशे किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरहून वाई, माहुली, कराड असे करत ती इथे येते आणि पुढे भिलवडी, औदुंबर, सांगली, नरसोबाची वाडी गाठते.

२. बेटावर गाव आहे का? लोक राहतात का?

गाव काठावर आहे. बेटावर देवळे, झाडी आणि खडक. वस्तीची सोय तिथे शोधू नका, राहण्याबद्दल १३ व्या प्रश्नात लिहिले आहे.

३. बहे आणि बोरगाव एकच का?

दोन शेजारची गावे आहेत. जोडीने नाव घ्यायची सवय जुनी आहे, म्हणून अकरा मारुतींच्या याद्यांमध्ये ‘बहे-बोरगाव’ असे सापडते. नकाशावर नुसते ‘बोरगाव’ शोधू नका. त्या नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, साताऱ्याजवळ महामार्गावरसुद्धा एक आहे. नुसते ‘रामलिंग’ शोधले तरी घोटाळा होतो, कारण एक रामलिंग हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ आहे आणि दुसरे धाराशिव जिल्ह्यात येडशीला. ‘बहे, तालुका वाळवा’ एवढे पुरेसे आहे.

४. रामलिंग हे नाव कसे पडले? बेट कसे झाले, त्याची गोष्ट काय?

या भागातल्या घराघरांत सांगितली जाणारी कथा अशी. रावणवध करून परत येताना राम इथे कृष्णाकाठी थांबले. स्नान झाल्यावर त्यांनी वाळूचे शिवलिंग केले आणि पूजेला बसले. तेवढ्यात नदीला पूर आला. पाणी लिंगापर्यंत पोहोचणार असे दिसताच मारुतीने दोन्ही बाहू आडवे पसरले आणि लोंढा थोपवला. पाणी अडले, दोन्ही अंगांनी फुटून निघाले आणि मधली जागा कोरडी राहिली. तेच हे बेट. रामाने स्थापलेले लिंग म्हणून रामलिंग, आणि मारुतीच्या बाहूंवरून बाहे, बहे.

कृष्णाकाठच्या माणसाला ही कथा आजही जवळची वाटते, कारण पूर अंगणात येणे म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे. पूजेत मग्न बसलेला राम आणि पाठीशी पाणी अडवून उभा मारुती हे चित्र ज्याने पहिल्यांदा सांगितले, त्याने ही नदी पावसाळ्यात जवळून पाहिली असणार, असे मला मनापासून वाटते.

५. यातला इतिहास किती आणि श्रद्धा किती?

वरची कथा श्रद्धेची. तिला सन-तारीख विचारू नये. मारुतीच्या स्थापनेचा काळ मात्र परंपरेने नेमका सांगितला जातो: शके १५७३, म्हणजे इसवी सन १६५१-५२.

समर्थांचा जन्म १६०८ चा, जांब गावचा. तीर्थाटन संपवून ते १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी मुख्यतः याच खोऱ्यात काढले. शहापूरचा चुन्याचा मारुती शके १५६६ चा, मसूरचा शके १५६७ चा, त्यानंतर चाफळचे राममंदिर आणि आजूबाजूचे मारुती. चाफळच्या परिसरातून दक्षिणेकडे सरकत ते बहेला आले. तेव्हा हा मुलूख आदिलशाहीत होता. अफजलखान वाईचा सुभेदार होता आणि शिवाजी महाराजांनी पन्हाळा घ्यायला अजून सात-आठ वर्षे होती. अशा काळात गावोगाव बलभीमाची मूर्ती उभी राहते, तिच्यासमोर तरुण पोरे जमतात, उत्सव सुरू होतो, याचे मोल आज देवळापुढे नुसते हात जोडून परतणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणून आलात की थोडा वेळ बसा.

६. बेटावर पाहण्यासारखे नेमके काय आहे?

राममंदिर, त्यातले शिवलिंग आणि राम-लक्ष्मण-सीतेच्या मूर्ती, आणि राममंदिराच्या मागे समर्थांनी स्थापलेला मारुती. बरेच लोक रामाचे दर्शन घेऊन तसेच परत वळतात आणि गाडीत बसल्यावर मारुती राहिला म्हणून हळहळतात. मागच्या बाजूला जायला विसरू नका.

मारुतीची मूर्ती भव्य आहे. पाणी थोपवून धरल्याचा आवेश तिच्या उभे राहण्यात आहे. चाफळचा दास मारुती हात जोडून रामासमोर उभा आहे, इथला रामाच्या पाठीशी कामाला जुंपलेला. दोन्ही पाहिलेल्या माणसाला हा फरक फार मोलाचा वाटतो. जमत असेल तर आधी चाफळ पाहा, मग बहे.

मूर्तीबद्दलची आठवण अशी सांगतात. समर्थ इथे आले, रामाचे दर्शन झाले, पण ज्याने नदी अडवली तो मारुती कुठे दिसेना. तेव्हा त्यांनी डोहात बुडी घेतली, मूर्ती वर काढली आणि राममंदिराच्या मागे तिची स्थापना केली. चाफळच्या रामाची मूर्तीसुद्धा समर्थांना कृष्णेच्याच अंगापूरच्या डोहात मिळाली असे परंपरा सांगते.

देवळांखेरीज नदी आहेच. सकाळी लवकर आलात तर खडकावर पंख वाळवणारे पाणकावळे, बगळे, खंड्या दिसतात. हिवाळ्यात कृष्णाकाठी चक्रवाकाच्या जोड्याही उतरतात. दुपारी बारा वाजता येऊन ‘पक्षी कुठे आहेत’ असे विचारू नका.

७. कसे यायचे?

पुणे-बंगळूर महामार्गावरून पेठ नाक्याला वळून इस्लामपूर गाठा. या शहराचे नाव आता ईश्वरपूर झाले आहे. गाड्यांवर आणि लोकांच्या तोंडी दोन्ही नावे असल्यामुळे गोंधळू नका, गाव एकच. तिथून बहे दहा-बारा किलोमीटरवर आहे. सांगलीहून आष्टामार्गे इस्लामपूरला येता येते.

रेल्वेने यायचे तर पुणे-मिरज मार्गावर ताकारी आणि भवानीनगर ही जवळची स्थानके आहेत, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. लांबून येणाऱ्यांनी कराड किंवा सांगलीला उतरून पुढे एसटीने येणे सोयीचे.

एक सूचना कळकळीची. ऊसतोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नसते. अंधार पडल्यावर गाडी हळू चालवा, नाहीतर दिवसाउजेडी परत फिरा.

८. बेटावर चालत जाता येते की होडी लागते?

पाणी उतरलेले असेल तर चालत जाता येते. पाणी चढले की वाट बंद होते. कोणत्या बाजूची वाट उघडी आहे आणि पाणी किती आहे, हे गावात पोहोचल्यावर विचारायचे. मागच्या वर्षीचा कुणाचा अनुभव किंवा इंटरनेटवरचा फोटो यावर विसंबू नका. नदीचे पात्र दर पावसाळ्यात थोडे बदलते, वाळू सरकते आणि काल घोट्याएवढे पाणी होते तिथे आज कंबरेएवढे असू शकते.

पाण्यात होडी दिसली म्हणून तिच्यात दाटीवाटीने बसू नका. ८ ऑगस्ट २०१९ रोजी याच नदीवर, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, पूरग्रस्तांनी भरलेली बोट उलटून माणसे गेली. ते दुःख या काठावर अजून ताजे आहे. भर पावसाळ्यात दर्शनासाठी होडी मागू नका आणि कुणी हो म्हणाले तरी चढू नका.

९. पाऊस नाही, ऊन पडले आहे. तरीही पाणी बघून या असे का सांगता?

कारण बह्याचे पाणी बह्याच्या पावसावर ठरत नाही. वर सातारा जिल्ह्यात कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, शिवाय उरमोडी, तारळी आणि कोयना अशी धरणे आहेत. कोयनेची साठवण क्षमता १०५ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) वर आहे आणि कोयना कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे इथून वरच्याच अंगाला. महाबळेश्वरला किंवा नवजाला धो धो पाऊस झाला, दरवाजे उचलले, की काही तासांत पाणी आमच्याकडे येते. इथे मात्र त्या वेळी लख्ख ऊन असू शकते.

उन्हाळ्यातही बेसावध राहू नका. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी उन्हाळ्यात कोयनेतून पाणी सोडतात. एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या खडकावर बसलेल्या माणसाला पाणी वाढल्याचे लवकर कळत नाही. जाताना पाण्याच्या कडेचा एखादा दगड नजरेत धरून ठेवा. तो बुडायला लागला की पोरांना हाका मारा आणि काठ गाठा.

पावसाळ्यात सांगली जिल्हा प्रशासन रोज नदीची पाणीपातळी जाहीर करते, त्यात कराडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी पूल, भिलवडी पूल, सांगलीचा आयर्विन पूल अशी क्रमाने नोंद असते. घरून निघण्याआधी त्यातली कराड आणि बहे पुलाची ओळ पाहा. कराडला पाणी वाढत असेल तर बेटाचा बेत रद्द करा. सांगलीची पातळी पाहून उपयोग नाही, ती तुमच्या खालच्या अंगाला आहे.

१०. नदीत पोहता येते का? लहान मुलांना डुंबू द्यावे का?

नाही. कृपा करून नाही.

पहिले कारण डोह. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली खडकाच्या कपारी आणि खोल खड्डे असतात आणि दोन धारा जिथे पुन्हा मिळतात तिथे भोवरे फिरतात. दुसरे कारण मगरी. सांगली जिल्ह्यातल्या कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात तर हमखास, आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. मगर नदीभर फिरते, गावाची हद्द तिला माहीत नसते. उन्हाळ्यात ती काठाच्या मातीत अंडी घालते आणि त्या दिवसांत जास्त आक्रमक असते. हिवाळ्यात सकाळी ऊन खायला काठावर पडलेली दिसली तर लांबूनच बघा. दगड मारणे, जवळ जाऊन मोबाईल धरणे असले काही करू नका.

पाय धुवायचे असतील तर लोक नेहमी उतरतात त्या जागी, उथळ पाण्यात, मुलांचा हात धरून. तीर्थ म्हणून पाणी तोंडात घेऊ नका. वरच्या गावांचे सांडपाणी आणि मळी नदीत येते. कृष्णेत मेलेल्या माशांचा खच वर आल्याचे या जिल्ह्याने पाहिले आहे. नदीला आई म्हणणाऱ्यांना ते पाहून लाज वाटली पाहिजे.

११. कोणत्या महिन्यात यावे?

दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. पाणी उतरलेले असते, हवा चांगली असते, शेते हिरवी असतात. मार्चनंतर खडक तापतात, अनवाणी चालवत नाही. जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बेटाचा विचार न केलेला बरा.

राम, शिवलिंग आणि मारुती एकाच जागी असल्यामुळे रामनवमी, हनुमान जयंती आणि महाशिवरात्र या दिवसांना गर्दी होते. शांतपणे पाहायचे असेल तर हे दिवस आणि शनिवार टाळा. श्रावणातल्या सोमवारी यायची इच्छा अनेकांना होते, पण श्रावण ऐन पुराच्या दिवसांत येतो. तेव्हा काय करायचे ते १६ व्या प्रश्नात आहे.

१२. म्हाताऱ्या आई-वडिलांना आणता येईल का?

पायात जोर असेल आणि पाणी अगदी कमी असेल तर, सोबत धरायला माणूस घेऊन. वाट खडकाळ आहे, शेवाळ असते. टाचेच्या चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या हव्यात. गुडघे दुखत असतील तर काठावरून दर्शन घेऊ द्या, आग्रह करू नका.

१३. जेवणाची आणि मुक्कामाची सोय?

मुक्काम इस्लामपूरला. बहे छोटे गाव आहे, तिथे लॉज शोधू नका. पाण्याच्या बाटल्या आणि खायचे सोबत आणा आणि रिकाम्या बाटल्या, पत्रावळ्या, द्रोण परत घेऊन जा. बेटावर राहिलेले प्लॅस्टिक पुढच्या पुरात थेट नदीत जाते.

या भागात आलात आणि कुणाच्या घरी जेवायचा योग आला तर कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत किंवा भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि खर्डा मागून घ्या. गाळाच्या जमिनीतल्या या वांग्यांची चव दुसरीकडच्या वांग्याला नाही.

१४. अकरा मारुती एका दिवसात होतात का? बहे त्यात कुठे बसवावे?

पहाटे निघालात तर होतात, पण ती धावपळ असते. दोन दिवस काढा.

सात मारुती सातारा जिल्ह्यात आहेत: शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन. हे सगळे कराड-उंब्रजच्या आसपास असल्याने पहिला दिवस त्यांना द्या. उरलेले चार दक्षिणेला: सांगली जिल्ह्यात बहे आणि शिराळा, कोल्हापूर जिल्ह्यात मनपाडळे आणि पारगाव. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले बहे घ्या. एक तर उन्हाआधी नदी गाठता येते, आणि पाण्यामुळे वाट बंद निघाली तर उरलेला दिवस हातात राहतो. शेवटी बहे ठेवून संध्याकाळी अंधारात खडकांवरून चालणारे लोक दरवर्षी दिसतात. तसे करू नका.

१५. जवळपास आणखी काय पाहावे?

वेळेनुसार ठरवा. कोळे नरसिंहपूरला भुयारातली सोळा हातांची ज्वालानृसिंहाची मूर्ती आहे. मूर्तिकलेची आवड असलेल्याने ती चुकवू नये. मच्छिंद्रगड हा छोटा, चढायला सोपा किल्ला, माथ्यावर मच्छिंद्रनाथांचे देऊळ. त्याच परिसरात येडेमच्छिंद्र हे क्रांतिसिंह नाना पाटलांचे गाव. १९४२ नंतर सातारच्या प्रतिसरकारने, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लोकांनी चालवलेल्या समांतर सरकारने, हाच कृष्णाकाठ जागता ठेवला होता.

नदीपलीकडे देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, आणि त्याला लागून सागरेश्वर. तिथली जुनी देवळे पाहा आणि अभयारण्यही. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे हे जंगल माणसांनी लावून वाढवलेले आहे. उजाड डोंगर हिरवा करण्यासाठी वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी आयुष्य वेचले. सांबर आणि चितळ दिसायला सकाळ किंवा संध्याकाळ हवी.

१६. आम्ही अकरा मारुतींचा संकल्प केला होता, पण बह्याला पूर निघाला. यात्रा अपुरी राहिली का?

हा प्रश्न दर श्रावणात येतो आणि विचारणारे खरोखर अस्वस्थ असतात. आमच्याकडची जुनी माणसे पूर असला की काठावर उभे राहून, बेटाकडे तोंड करून नमस्कार करतात, नारळ काठावरच फोडतात आणि घरी जातात. मारुतीपर्यंत पोहोचण्यासाठी कुणी पुरात उतरावे असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. तुम्ही तसेच करा आणि संकल्प पूर्ण समजा. मनाला लागून राहिले असेल तर मार्गशीर्षात एकदा सवडीने या.

मोठ्या पुरात बेट पाण्याखाली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ हे पूर इथे कुणी विसरणार नाही. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. असा पूर ओसरल्यावर लगेच दर्शनाला धावू नका. गाळ साफ होईपर्यंत पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, आणि आधी येता आले तर फावडे घेऊन या.

१७. जुन्या पुस्तकात बहे सातारा जिल्ह्यात लिहिले आहे. चूक आहे का?

चूक नाही. वाळवा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले गेले. त्याआधीच्या पुस्तकात सातारा असणारच.

१८. कुठे १६५१ तर कुठे १६५२ लिहितात. आणि बहेचा मारुती अकरावा की आठवा-नववा?

शकाचे वर्ष चैत्र पाडव्याला सुरू होते. पाडव्यापासून डिसेंबरअखेर शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. म्हणून शके १५७३ हे वर्ष १६५१ आणि १६५२ या दोन्हींत पसरलेले आहे. महिना माहीत नसेल तर १६५१-५२ असे लिहिणे बरोबर.

क्रमांकाचे म्हणाल तर तो मोजणाऱ्यावर आहे. समर्थशिष्या वेणाबाईंच्या अभंगात गणना चाफळपासून सुरू होते आणि बहेला अकरावे स्थान मिळते. स्थापनेच्या शकाने लावले तर शिराळा शके १५७६ चा म्हणून सगळ्यात शेवटी जातो आणि बहे त्याच्या आधी येतो. रस्त्याच्या सोयीने मोजणारे आणखी वेगळा आकडा सांगतात.